उन्हाळ्यात ऑफिसला काय घालायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदार बायकांसाठी, कपाटापासून इस्त्रीपर्यंत

मार्च लागला की ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवर सकाळी एकच दृश्य दिसतं. घरून नीटनेटक्या निघालेल्या बायका वाशी-पनवेलच्या गाडीची वाट बघत असतात आणि गाडी यायच्या आतच कुर्ता पाठीला चिकटतो, काखेत डाग उमटतात, ओढणी पर्समध्ये कोंबली जाते. पुढे ऐरोली किंवा घणसोलीला उतरून ऑफिसच्या एसीत शिरलं की तोच ओला कपडा अंगावर गार पडतो. मग दुपारपर्यंत सर्दी, डोकेदुखी आणि घामाचा वास.

यातल्या बहुतेकींचे कपडे वाईट नसतात. निवडण्याचा क्रम चुकलेला असतो. दुकानात आधी रंग आवडतो, मग डिझाइन, मग किंमत बघितली जाते, आणि कापड कसलं आहे ते पहिल्या घामाला कळतं. आधी रोजचा रस्ता, मग कापड, मग माप आणि शेवटी रंग, असं करून बघा. मी सतरा वर्षं ठाणे-ऐरोली करते आहे. ऑफिसात नव्याने आलेल्या मुली दरवर्षी मला तेच प्रश्न विचारतात आणि त्याच चुका करून येतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

‘बिझनेस कॅज्युअल’ हा शब्द नेमणूकपत्रात असतो, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. तो साधा आहे: सूट-ब्लेझर सक्तीचा नाही, मात्र घरातले किंवा सहलीचे कपडेही चालणार नाहीत. कुर्ता आणि पँट, शर्ट आणि ट्राउझर, गुडघ्याखालचा स्कर्ट, सुती साडी, सगळं यात बसतं. कापड आरपार दिसू नये, इस्त्री असावी आणि बसता-वाकताना सारखं ओढत बसावं लागू नये. मनात शंका असेल तर स्वतःला विचारा: दुपारी अचानक ग्राहकासमोर बसायला बोलावलं, तर मी याच कपड्यांत बिनधास्त जाईन का?

१. रस्ता आणि ऑफिस कागदावर मांडा

खरेदीच्या आधी हे करा. दहा मिनिटं लागतात. घरातून निघाल्यापासून खुर्चीवर बसेपर्यंत उन्हात किती मिनिटं, गर्दीत उभं राहून किती, गारव्यात किती, हे लिहा. नेरूळहून बेलापूरला जाणारी आणि घोडबंदर रोडवरून बसने निघून ठाण्याला गाडी पकडत महापेला पोहोचणारी, या दोघींना एकच सल्ला देता येत नाही. पहिलीला कडक इस्त्रीचा लिनन शर्ट सहज जमेल. दुसरीचा तोच शर्ट ऐरोलीच्या आधीच चुरगळलेला असेल. स्कूटरवरून जात असाल तर ऊन थेट हातांवर आणि मांड्यांवर पडतं, शिवाय लांब घेर आणि सुटी ओढणी चाकात अडकू शकते, हेही लिहा.

मग ऑफिसचे नियम विचारा. अंदाजाने चालू नका. बिनबाह्यांचे कपडे चालतात का, जीन्स रोज की फक्त शुक्रवारी, पुढून उघडी चप्पल चालते का, हे तीन प्रश्न एचआरला थेट विचारा. रबाळे-महापे एमआयडीसीत कारखान्याच्या आवारात ऑफिस असेल, तर चौथा प्रश्न शॉप फ्लोअरवर जावं लागतं का, हा. यंत्रांजवळ ओढणी, लोंबत्या बाह्या, मोकळे केस आणि उघडी पादत्राणं धोक्याची असतात.

तपासा: तुमच्या दिवसातला सर्वांत वाईट अर्धा तास कोणता? कपडे त्या अर्ध्या तासासाठी निवडायचे. बाकीचा दिवस त्यात निभावतो.

२. कपाट रिकामं करा

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी सगळे ऑफिसचे कपडे पलंगावर काढा आणि एकेक घालून बघा. हातात धरून बघणं पुरेसं नाही. काखेची शिवण उसवली आहे का, तिथे पिवळट डाग आहेत का, इलॅस्टिक सैल झालं आहे का, पाठीवर कापड विरलं आहे का, हे उजेडात तपासा. तीन ढीग करा: तसेच वापरायचे, टेलरकडे द्यायचे, ऑफिसमधून बाद.

पाच दिवसांच्या आठवड्याला सहा वरचे कपडे, तीन पँटी आणि एसीसाठी दोन हलके थर एवढ्यात उन्हाळा निघतो. एकदा घामाने भिजलेला कुर्ता न धुता परत घालता येत नाही, म्हणून वरच्या कपड्यांची संख्या जास्त. पँट दोनदा चालते.

सावध: हे न करता सेलमध्ये गेलात तर हमखास चौथा निळा कुर्ता येतो आणि त्यावर घालायची पँट नसते.

३. कापड निवडा

इथे घाई करू नका. आपल्याकडे पारा फार चढत नाही. विदर्भातल्या बायका आपल्या चौतीस-पस्तीस अंशांना उन्हाळा म्हणणारही नाहीत. आपला त्रास दमट हवेचा आहे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि त्याने गार वाटतं, पण हवेतच ओल भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे आपल्याला दोन गुण एकत्र असलेलं कापड लागतं: ओल शोषणारं आणि हवा आरपार खेळवणारं. फक्त शोषणारं जाड कापड घेतलं तर ते भिजून जड होतं आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. ‘सुती घेतलं तरी उकडतं’ ही तक्रार बहुतेक वेळा जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाची असते.

सुती. मलमल सर्वांत हलकी, पण आरपार दिसते, म्हणून अस्तर किंवा स्लिप लागते. कॅम्ब्रिक आणि पातळ पॉपलिन ऑफिसच्या कुर्त्यांना आणि शर्टांना उत्तम: अंग दिसत नाही, इस्त्री धरते, हवा जाते. हातमागाचं कापड थोडं सैल विणलेलं असतं, म्हणून ते त्याच जाडीच्या गिरणीच्या कापडापेक्षा मोकळं वाटतं. जाड डेनिम, कॅनव्हास आणि ट्विल हिवाळ्यासाठी ठेवा.

लिनन. दमट हवेला याच्यासारखं कापड नाही. ओल पटकन घेतं, पटकन सोडतं आणि अंगाला चिकटत नाही. अडचण एकच, सुरकुत्या. गर्दीच्या गाडीने येणाऱ्यांनी शुद्ध लिननऐवजी सुती-लिनन मिश्रण घ्यावं. चुरगळतं, पण बरं दिसेल इतकंच.

रेयॉन किंवा व्हिस्कोस. बाजारातले निम्मे कुर्ते याचेच असतात आणि बायका ते सुती समजून घेतात. हे कापड लाकडाच्या लगद्यापासून करतात. ओल चांगलं शोषतं, अंगावर छान पडतं आणि हाताला गार लागतं, म्हणून वाईट मुळीच नाही. पण ओलं असताना कमजोर होतं, गरम पाण्यात आटतं आणि घामाने भिजलं की अंगाला लपेटतं. ‘लिवा’चा टॅग असलेले कुर्तेही याच कुळातले. घ्यायचं तर एक माप सैल घ्या. मोडाल आणि लायोसेल ही त्याच जातीची सुधारलेली कापडं. महाग पडतात, पण चुरगळत कमी आणि टिकतात जास्त.

पॉलिस्टर. क्रेप, जॉर्जेट, सॅटिन या नावांनी जे स्वस्तात मिळतं ते बहुधा हेच. सुरकुत्या पडत नाहीत, म्हणून ऑफिससाठी सोयीचं वाटतं. पण हे कापड ओल धरतच नाही म्हटलं तरी चालेल. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम मग अंगावरच राहतो, आणि घामाचा वास पॉलिस्टरमध्ये असा मुरतो की धुऊनही जात नाही. एसी कॅबमधून दारापासून दारापर्यंत जाणाऱ्यांनाच हे परवडतं.

लेबल वाचा. बहुतेक तयार कपड्यांत ते आतल्या बाजूच्या शिवणीत असतं. ‘कॉटन फील’, ‘कॉटन ब्लेंड’, ‘कॉटन सिल्क’ हे शब्द टक्केवारी लपवतात. आकडा बघा. निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असेल तर परत ठेवा. शर्ट-पँटमध्ये दोन-तीन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असायला हरकत नाही, बसताना बरं पडतं.

दुकानातच करायच्या तीन परीक्षा:

मुठीची. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजा आणि सोडा. बारीक सुरकुत्या पडून हळूहळू सैल झाल्या तर ठीक. कागदासारख्या धारदार घड्या पडल्या तर रोज इस्त्री केल्यावरही ऑफिसात पोहोचेपर्यंत हीच दशा होणार. एकही सुरकुती पडली नाही तर पॉलिस्टरचा संशय घ्या.

तळव्याची. एका थराखाली हात धरून दाराशी, खऱ्या उजेडात न्या. बोटं वेगवेगळी मोजता आली तर आतून काहीतरी लागेल. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका.

फुंकरीची. कापड ओठांशी धरून फुंकर घाला आणि पलीकडे हाताला हवा लागते का बघा. माझ्या मते ही सर्वांत भरवशाची. हवा लागत नसेल तर लेबलवर शंभर टक्के सुती लिहिलेलं असलं तरी ते कापड मे महिन्यासाठी नाही.

घरी आणल्यावरही खात्री होत नसेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सुती, लिनन आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मणी गरम असतो, हात लावू नका.

४. माप आणि शिलाई

चांगलं कापड चुकीच्या मापात वाया जातं. पहिल्या नोकरीत मी छान सुती, आकाशी रंगाचा शर्ट अंगाला घट्ट बसेल असा घेतला होता. ऐरोलीला उतरले तेव्हा काखेपासून जवळजवळ कमरेपर्यंत डाग होता आणि त्याच दिवशी मला दहा जणांपुढे उभं राहून बोलायचं होतं. तासभर मी कोपरं अंगाशी दाबून बोलले. कापडात काहीच खोट नव्हती. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग, घट्ट होता आणि रंग चुकला होता. रंगाचं पुढे येईलच.

मुंढा. उन्हाळी कपड्यात आधी हेच बघायचं. काखेत कापड रुतत असेल तर घाम थेट त्यातच उतरतो. पण फार खोल मुंढाही नको, कारण हात वर केला की अख्खा कुर्ता वर जातो. ट्रायल रूममध्ये गाडीतली कडी धरल्यासारखा हात वर करा. काखेत ओढ बसू नये, पोट उघडं पडू नये, आतलं काही दिसू नये.

घेर. छातीच्या मापापेक्षा कुर्ता साधारण चार इंच मोठा हवा, शर्ट तीन. एवढ्या मोकळिकीत अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा राहते. त्याहून सैल घेतलं तर कपडा ढगळ दिसतो आणि गर्दीत अडकतो.

बाही. कोपरापर्यंत किंवा पाऊण. इवलीशी कॅप बाही टाळा: काखेतला घाम टिपायला तिथे कापडच नसतं आणि जे असतं ते भिजतं. बिनबाह्यांचं ऑफिसात चालत असेल तरी लोकलमध्ये दोन्हीकडून घामट दंड घासतात, तेव्हा रस्त्यापुरता वर शर्ट किंवा श्रग असू द्या.

अस्तर. सर्वाधिक बायका फसतात त्या इथे. वरून शुद्ध सुती आणि आतून क्रेप किंवा सॅटिनचं अस्तर असलेला कुर्ता म्हणजे अंगाला लागून पॉलिस्टरच. तयार कपडा घेताना उलटा करून अस्तर बघा. शिवून घेत असाल तर टेलरकाकांना स्पष्ट सांगा: अस्तर मलमलचं, बाह्यांना नको, आणि खाली नुसतं सोडा, वरच्या कापडाला शिवू नका. जोडलेलं अस्तर धुतल्यावर आटलं तर कुर्त्याचा खालचा काठ वर ओढला जातो.

शिवायला टाकण्याआधी कापड आणि अस्तर दोन्ही साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, मग द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. अडीच मीटरमध्ये दोन-तीन इंच सहज जातात. ‘वेळ नाही, तसंच शिवा’ म्हणून दिलेले कुर्ते जूनपर्यंत छातीत घट्ट होतात. कापड घेताना पन्हा, म्हणजे रुंदीही विचारा, हातमागाचा पन्हा बऱ्याचदा लहान असतो आणि मग अडीच मीटर पुरत नाही.

पँट. सरळ किंवा थोडी रुंद, घोट्यापर्यंत. जमिनीला टेकणारी पँट स्टेशनच्या जिन्यांवर घाण होते आणि पायात येते. पूर्ण इलॅस्टिकचा पट्टा कमरेला घामोळं आणतो. पुढे सपाट पट्टा आणि फक्त मागे इलॅस्टिक, असं मागा. लेगिंग घालायचीच असेल तर गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याखाली आणि सुतीच. आखूड टॉपखाली ती ऑफिसचा कपडा ठरत नाही. शिवताना दोन्ही बाजूंना खिसे करून घ्या, तिकीट आणि मोबाइलसाठी गर्दीत पर्स उघडावी लागत नाही.

शर्टाच्या छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर मोठं माप घेऊ नका, खांदे उतरतील. आतून एक टिचबटण लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तपासा: खुर्चीवर बसा, खाली पडलेलं पेन उचला, दोन जिने चढा. या तिन्हींत एकदाही कपडा ओढावा लागला तर तो टेलरच्या ढिगात.

५. रंग आणि छपाई

घामाचे डाग मधल्या रंगांवर सर्वांत ठळक दिसतात: राखाडी, आकाशी, गुलाबी, पिस्ता, खाकी. पांढरा, मोतिया, गडद निळा आणि काळा यांवर कमी. बारीक छपाईवर जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाला छोटी बुट्टी किंवा बारीक रेघा असलेलं कापड घ्या. दुकानात पाण्यात बुडवलेलं बोट कापडाच्या कोपऱ्यावर टेकवलं की लगेच कळतं.

उन्हात जास्त चालावं लागत असेल तर काळा टाळा. मोठी फुलं, चमकी आणि वर लिहिलेली अक्षरं बिझनेस कॅज्युअलमध्ये बसत नाहीत. पँटी काळी, गडद निळी आणि बिस्किट रंगाची, अशा तीन घेतल्या की सगळ्या कुर्त्यांवर जातात.

६. आतले कपडे

याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही आणि बाहेरच्या कपड्यांवर केलेला खर्च इथे फुकट जातो. वर मलमल आणि आत पॅडेड सिंथेटिक ब्रा असेल तर पाठीवर घामाचा पट्टा उमटणारच. उन्हाळ्यात सुती, पातळ, बिनपॅडची. फिक्या कपड्याखाली पांढरी ब्रा उठून दिसते, आपल्या त्वचेच्या रंगाची दिसत नाही. पारदर्शक कुर्त्याखाली सुती स्लिप, तीही त्वचेच्याच रंगाची.

मांड्या घासून कातडी सोलवटते त्यांनी स्कर्ट किंवा साडीखाली पातळ सुती सायकलिंग शॉर्ट घालावी. काखेत जास्त घाम येणाऱ्यांसाठी चिकटवायचे पॅड मेडिकलच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. महत्त्वाच्या दिवशी ते वापरा.

सावध: घामोळं किंवा लाल खाज सुटणारे चट्टे आले असतील तर सुगंधी पावडर थापून वर घट्ट कपडा घालू नका. जांघेत गोल, कडेने वाढणारे चट्टे असतील तर नायटा असू शकतो. कुणीतरी सांगितलेलं मलम न लावता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

७. एसीसाठी वरचा थर

बाहेर घामाच्या धारा आणि आत बावीस अंश. हा थर अंगावर घालून प्रवास करायचा नसतो, तो पिशवीतून न्यायचा किंवा ऑफिसच्या खणात ठेवायचा. अस्तर नसलेला सुती किंवा लिननचा ब्लेझर एक असला की कोणत्याही मीटिंगला चालतो. रोजसाठी सुती श्रग किंवा मोठी सुती ओढणी पुरे. जाड लोकरी शाल पांघरून बसलेलं बरं दिसत नाही आणि दुपारी बाहेर पडताना ती ओझं होते.

ऑफिसात शिरल्यावर लगेच थर चढवू नका. आधी वॉशरूममध्ये मान, पाठ, काख सुती रुमालाने कोरडी करा, पाच मिनिटं थांबा. ओल्या कुर्त्यावर ब्लेझर घातला की ओल आतच कोंडते आणि ब्लेझरलाही वास लागतो.

साडी नेसणाऱ्यांसाठी

मलमलची किंवा मऊ हातमागाची साडी उन्हाळ्यात कुर्त्याइतकीच सुखद असते. परकर सुतीच हवा. अंगाला घट्ट बसणारे सिंथेटिक परकर दिसायला चापून-चोपून असले तरी मे महिन्यात पायांना वाफ आणतात. ब्लाउजला अस्तर मलमलचं, गळा मागून बेताचा. पदर पिनअप केल्याशिवाय गाडीत चढू नका, आणि साडी घोट्याच्या किंचित वर नेसा. नवी साडी ऑफिसला नेसण्याआधी एकदा धुऊन खळ काढून टाका, कडक खळीची साडी फुगते आणि हवा अडवते.

८. पायात काय

पुढून बंद, मऊ कातड्याचे लोफर किंवा बॅली आणि आत न दिसणारे सुती मोजे. मोजे न घालता बंद बूट घातले की दुपारपर्यंत पाय घामेजतात. टाच दीड-दोन इंचांची, रुंद. उघडी चालत असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या, कारण नुसती सरकवायची चप्पल गर्दीत मागून तुडवली जाऊन निसटते. कोल्हापुरी अनेक ऑफिसांत चालते, पण घामाने भिजली तर पंख्याखाली नीट वाळवल्याशिवाय परत घालू नका. एक जोड ऑफिसच्या टेबलाखाली ठेवा आणि प्रवास साध्या मजबूत चपलांनी करा, दोन्ही जोड जास्त टिकतात.

९. रंगीत तालीम

नवा कपडा पहिल्यांदा सोमवारी सकाळी घालू नका. रविवारी, ऊन उतरायच्या आधी, तोच कुर्ता, तीच पँट, तेच आतले कपडे आणि तेच बूट घालून दोन तास बाहेर पडा. जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी आणा, वाशीच्या सेक्टर नऊमध्ये फेरी मारा, गर्दीत उभ्या राहा. घरी आल्यावर आरशात पाठ बघा, काख बघा, कमरेवर वळ आहे का बघा. रंग अंगाला लागला का, तेही. तीन दिवसांनी कळायच्या गोष्टी दोन तासांत कळतात.

१०. आदली रात्र आणि सकाळ

डिओ आणि अँटिपर्स्पिरंट एक नव्हे. डिओ वास झाकतो. अँटिपर्स्पिरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार घामाची छिद्रं तात्पुरती बुजवतात, म्हणून घाम कमी येतो. ते रात्री, कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी असतो, ते नीट बसतं आणि सकाळी अंघोळ केली तरी उपयोग टिकतो. सकाळी ओल्या काखेत घाईने फासलं तर ते कुर्त्यालाच लागतं आणि पुढे तेच पिवळे डाग होतात.

उद्याचा पूर्ण संच, आतल्या कपड्यांसह, रात्री हँगरवर लावा. सकाळी अंघोळीनंतर दहा मिनिटं पंख्याखाली सुती गाऊनमध्ये राहा, डबा भरा, चहा घ्या, आणि कुर्ता अगदी निघताना घाला. अंघोळ झाल्या झाल्या दमट अंगावर चढवलेला कपडा घरातच भिजतो. पिशवीत दोन सुती रुमाल आणि घडी केलेला एक जादा टॉप ठेवा. ज्यांचा प्रवास तासाभरापेक्षा जास्त आणि उभ्याने आहे, त्यांनी प्रवासाला साधा सुती टॉप घालावा आणि ऑफिसचा वरचा कपडा पोहोचल्यावर बदलावा. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या ऑफिसात निम्म्या जणी हेच करतात. कपडा घडी न करता सैल गुंडाळी करून नेलात तर सुरकुत्या कमी पडतात.

११. धुणं, वाळवणं, इस्त्री

घामाचा कपडा टोपलीत कोंबू नका. घरी आल्या आल्या काखेचा भाग साध्या पाण्याखाली धरा आणि दोरीवर टाका, धुवायचा दुसऱ्या दिवशी असला तरी. पिवळे डाग पडले असतील तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट अर्धा तास लावून ठेवा आणि मग धुवा. क्लोरीनचं ब्लीच लावू नका, या डागांवर ते उलटं काम करतं आणि पिवळेपणा वाढतो.

रंगीत कपडे उलटे करून, सावलीत. गॅलरीतल्या मे महिन्याच्या उन्हात गडद निळा दोन महिन्यांत विटतो. रेयॉन गार पाण्यात, न पिळता.

लिननला इस्त्री किंचित ओलं असतानाच करायची. पूर्ण वाळलेल्या लिननच्या सुरकुत्या कितीही दाबल्या तरी राहतात. इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर पाण्याचा फवारा मारायला सांगा. सुती कुर्त्याला खळ अगदी पातळ, शक्यतो नकोच. इस्त्री झाल्यावर कपडा पाच-दहा मिनिटं हँगरवर गार होऊ द्या. गरम कपडा लगेच घातला की अंगाच्या आकाराच्या सुरकुत्या त्यात बसतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून येऊ लागलं की फिके लिनन आणि मलमल धुऊन, पूर्ण वाळवून, खळ न लावता कपाटात वर ठेवून द्या. खळीच्या कपड्यांवर पावसाळ्यात बुरशी चढते. हेच कपडे ऑक्टोबरच्या उकाड्यात परत काढायचे आहेत.